शरयूबाईंनी केलेली जॉन्जूची चौकशी

विनीताला कोरियात नोकरी मिळाली याचा शरयूबाईंना राग आलाच, पण त्याहून जास्त राग आला तो ती राजधानी सोडून भलत्याच गावी जायचं म्हणत होती याचा. जायचंच तर सोलला जावं. तिथे यंदा, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, ऑलिंपिक होतं, वकिलात होती, निदान जगाच्या नकाशावर ठळक अक्षरांत नाव तरी होतं. पण दोन्हीकडून बोलावणं आलेलं असताना ही मुलगी म्हणत होती, मला जॉन्जूच हवं. सोलमध्ये सगळे अमेरिकनच भेटणार, मग घर कशाला सोडायचं, हे तिचं म्हणणं. तिथल्या कॉलेजात वर्षभर इंग्रजी शिकवायचं आणि कॉलेजने ठरवून दिलेल्या ग्वोन नावाच्या कुटुंबाकडे खोली घेऊन राहायचं. महिनाअखेर होकार किंवा नकार कळवायचा होता.

"तिची ती ठरवेल," एवढं बोलून जगन्नाथरावांनी बेसमेंट गाठलं. घरात काही पेटलं की नेमकं तेव्हाच त्यांना खाली काहीतरी दुरुस्त करायचं आठवायचं. बावीस वर्षांच्या मुलीला टीव्हीवर रोज विद्यार्थ्यांचे मोर्चे आणि अश्रुधूर दिसणाऱ्या देशात पाठवायचं की नाही, हा प्रश्न त्यांनी बायकोवर सोडला आणि वॉटर हीटरशी बोलत बसले. शरयूबाईंनी कपाळाला हात लावला आणि फोन उचलला.

आता शरयूबाई आणि फोन म्हणजे काय, हे न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला सांगायला नको. दिवसभर त्या एका औषध कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर आकडे भरत, पण त्यांचं खरं काम संध्याकाळी सुरू होई. तिथल्या मराठी मंडळात कुणाच्याही मुलामुलीचं लग्न निघालं की चौकशीची जबाबदारी त्यांच्याकडे यायची. त्यांची पद्धत ठरलेली होती. घरच्यांना कधी विचारायचं नाही, शेजाऱ्यांना विचारायचं. आणि सरळ तर कधीच विचारायचं नाही. मुलगा पितो का, असं न विचारता रविवारी किती वाजता उठतो, असं विचारायचं. या पद्धतीने त्यांनी दोन लग्नं मोडली होती आणि सात जमवली होती. एका गावाची चौकशी ती काय, असं त्यांना वाटलं.

पहिल्या फोनवर मंडळातली मैत्रीण सुनेत्रा म्हणाली, "कोरिया? अगं, तिथे वॉर झालं होतं ना?" ते होऊन पस्तीस वर्षं झाली, हे तिला सांगण्यातच अर्धा तास गेला. मग शनिवारी जेवायला आलेल्या श्रीरंगला त्यांनी धरलं. तो पुण्याचा, इथे पीएचडी करत होता, आणि त्याच्या लॅबमध्ये एक कोरियन मुलगा होता. सोमवारी श्रीरंगने निरोप आणला. "काकू, तो म्हणतो, जॉन्जूला जेवण टॉप आहे, बाकी काही नाही. एकदम स्लो गाव. तिथे कोण जातं यार, असं म्हणाला."

"तो कुठला?"

"सोलचा."

शरयूबाई चिडल्या. सोलच्या माणसाला जॉन्जूबद्दल विचारणं म्हणजे पुणेकराला साताऱ्याबद्दल विचारणं. त्या स्वतः साताऱ्याच्या होत्या, त्यामुळे असलं उत्तर किती धरायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि मग देवच पावला. त्यांच्या रेशमी साड्या ड्रायक्लीन करणाऱ्या मिसेस चोई जॉन्जूच्याच निघाल्या. शरयूबाई एक मुळात स्वच्छच असलेली पैठणी आणि बेसनाचे लाडू घेऊन दुकानात गेल्या. माझ्या मुलीला तिथे नोकरी लागली आहे, तिला गाव मानवेल का, हे दोन वाक्यांत विचारता आलं असतं. पण ते त्यांच्या पद्धतीत बसत नव्हतं. त्यांनी हवेपासून सुरुवात केली. मग पाणी. मग तिकडची कुटुंबं कशी असतात, बाहेरून आलेल्या मुलीला घरात कसं वागवतात, घरातली मोठी बाई तापट असते का, मुलीला एकटीला बाहेर जाऊ देतात का. मिसेस चोईंचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. त्यांनी काउंटरवरची पैठणी बाजूला ठेवली आणि विचारलं, "कुठलं कुटुंब?"

"ग्वोन. कॉलेजच्या मागे राहतात. तुमच्या माहितीतले आहेत का?"

"माझी बहीण तिथेच आहे. ती बघेल," मिसेस चोई म्हणाल्या, आणि शरयूबाईंचा हात दोन्ही हातांत धरला. कामाची बाई भेटली म्हणून शरयूबाई खूश होऊन घरी आल्या.

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या माणसाचा फोन आला. विनीताने तो स्वयंपाकघरात घेतला, आणि बोलता बोलता तिचा चेहरा पडला. शरयूबाई कणीक मळत होत्या.

"आई, व्हॉट डिड यू डू?" फोन ठेवून ती म्हणाली.

ग्वोन कुटुंबाने खोली द्यायला नकार दिला होता. कुणी एक बाई त्यांच्या दारात जाऊन, शेजारीपाजारी फिरून, त्यांच्या थोरल्या मुलाची माहिती काढत होती. अमेरिकेतल्या एका भारतीय आईला तो जावई म्हणून हवा आहे, असं गल्लीभर झालं होतं. मुलाचं लग्न आधीच ठरलेलं होतं आणि मुलीकडचे लोक आता बिथरले होते.

"मुलगा?" शरयूबाईंचा आवाज चढला. "त्यांना मुलगा आहे हे मला माहीतसुद्धा नव्हतं. मी फक्त गावाची चौकशी करत होते."

"गावाची अशी करतात? यू डिड अ मॅरेज चौकशी ऑन अ सिटी! मला का नाही विचारलंस? मी सहा महिने त्या गावाबद्दल वाचतेय. नोबडी आस्क्ड मी."

"विचारायला नको? कुणीतरी विचारायला नको?" आता शरयूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कणकेचे हात तसेच ठेवून त्या बोलत सुटल्या. "माझ्या बाबांनी ह्यांची तीन महिने चौकशी केली. शिक्षण, पगार, चष्म्याचा नंबर, सगळं. पण हा मुलगा आपल्या मुलीला नेणार ते गाव कसं आहे, हे एकानेही विचारलं नाही. अमेरिका म्हटलं की संपलं. मी उतरले ती मिनेसोटातल्या कागदाच्या गिरणीपाशी. अर्धं वर्ष बर्फ, आणि उरलेलं अर्धं त्या गिरणीचा वास. माझं नाव कुणाला घेता येत नव्हतं, म्हणून मला शॅरन म्हणायचे. तुझ्या वेळी मला उलट्या व्हायच्या त्या तुझ्यामुळे की त्या वासामुळे, हेसुद्धा डॉक्टरला सांगता यायचं नाही."

मिनेसोटाची गोष्ट विनीताने आजवर शंभरदा ऐकली होती. पण मंडळात सांगायच्या त्या गोष्टीत बर्फात गाडी अडकायची, शेजारीण गरम सूप आणायची आणि सगळे हसायचे. वासाचं त्यात कधी आलं नव्हतं.

"म्हणजे तुला तिथे आवडलं नव्हतं?" तिने सावकाश मराठीत विचारलं.

"नाही," शरयूबाई म्हणाल्या. "एक दिवससुद्धा नाही."

हे आपण मोठ्याने बोललो, याचं त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. आणि मग त्यांना दिसलं की बेसमेंटच्या दारात जगन्नाथराव पाना घेऊन उभे आहेत.

"तू कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत."

विनीताने आईच्या हाताखालची परात बाजूला घेतली आणि तिला खुर्चीवर बसवलं. "आई, मला नाही आवडलं तर मी परत येईन. तेवढंच आहे ते. माझ्याकडे रिटर्न तिकीट असेल."

शरयूबाईंकडे तसलं तिकीट कधीच नव्हतं. त्यांनी हात धुतले आणि मिसेस चोईंना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सरळ विचारलं. माझी मुलगी जॉन्जूला शिकवायला येणार आहे, लग्नाला नाही, आणि आपल्या दोघींमुळे तिची खोली गेली आहे, तर आता काय करायचं? मग मिसेस चोई इतक्या ओशाळल्या की बहिणीच्याच घरी मुलीला ठेवायचं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. महिनाभराचं काम पाच मिनिटांत झालेलं पाहून शरयूबाईंची उलट जास्तच चिडचिड झाली.

"कळव त्यांना, येते म्हणून," त्या विनीताला म्हणाल्या. "पण नाही मानवलं तर पहिल्याच आठवड्यात सांगायचं. सगळं छान चाललंय म्हणून फोटो पाठवत बसायचं नाही. ते मी करून बसले आहे."

विनीता मान डोलावून फोनकडे वळली. जगन्नाथराव अजून तिथेच होते. पाना त्यांनी ओट्यावर ठेवला होता, आणि खाली जायचं काही नाव घेत नव्हते.

"आणि हे गाव?" त्यांनी विचारलं. "इथे तुला... बरं वाटतं का?"

शरयूबाईंना आधी संतापच आला. चोवीस वर्षं, तीन घरं आणि एक मुलगी झाल्यावर या माणसाला आता हे सुचत होतं. पण प्रश्न तर आला होता, आणि त्याचं उत्तर काही एका शब्दाचं नव्हतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "सांगते."