नाव दिसणार नाही

अकोल्याची बियाणं कंपनी अमरावतीच्या मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि दोन्हीकडच्या माणसांसाठी एकच पोर्टल उभं करायचं काम प्रियदर्शनी तायडेकडे आलं. सुट्टीचा अर्ज, पगाराची पावती, सूचना, सगळं मोबाइलवर. ती मूळची अकोल्याची. नोकरीसाठी अमरावतीच्या राजापेठेत खोली घेऊन राहत होती.

पोर्टलवर ‘तुमचा प्रश्न’ नावाचं एक पान होतं. ही कल्पना मनुष्यबळ विभागाच्या शेखर सरांची. “लिहिणाऱ्याचं नाव दिसणार नाही,” असं ते म्हणाले, आणि प्रियदर्शनीनं तेच अकोल्याच्या पॅकिंग शेडमध्ये उभं राहून सांगितलं. तिथं ज्योत्स्नाताई बियाण्याच्या पिशव्या शिवत. दोघी एकाच वस्तीतल्या.

“खरंच नाव नाही येत ना, पोरी?”

“नाही येत, ताई. मीच तर बनवून राहिली.”

थोड्याच दिवसांत त्या पानावर प्रश्न आला : ‘आमच्या मशीनीचं माप काहून घेऊन राहिले? शेड बंद करून आमाले कुठं टाकणार?’ संध्याकाळपर्यंत शेकडो जणांनी त्याखाली ‘माझाही हाच प्रश्न’ दाबलं होतं.

शेखर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. “हे कोणी लिहिलं, ते काढ.”

“सर, नाव दिसणार नाही, असं आपणच सांगितलं होतं.”

“पानावर दिसत नाहीच. सर्व्हरवर तर असेल?”

असणारच. तिला ते आधीपासून ठाऊक होतं. सरांनी शब्द दिलाय, कोणी शोधायला जाणार नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

“मी नाही काढणार, सर.”

सरांनी वाद घातला नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाहेरच्या ठेकेदाराला फोन केला आणि नाव काढून घेतलं. प्रश्न लिहिणाऱ्या ज्योत्स्नाताईंची बदली दूर परतवाड्याच्या गोदामात झाली. घरी सासू अंथरुणाला खिळलेली.

रविवारी प्रियदर्शनी त्यांच्याकडे गेली. ताई अंगणात कपडे वाळत घालत होत्या.

“ताई, नाव मी नाही दिलं.”

“मालूम हाय मले.” ताईंनी लुगडं झटकलं. “पन तू बोलली म्हणून मी लिवलं. त्या सायबाचं कोनं ऐकलं असतं?”

ताईंनी बस म्हटलं नाही की चहा विचारला नाही.

सोमवारी कामावर येताच तिनं त्या पानाच्या माथ्यावर ठळक ओळ टाकली : ‘इथे लिहिणाऱ्याचं नाव कंपनीला कळू शकतं.’ दुपारी पोर्टल तिच्याकडून काढून घेतलं गेलं. ओळही गेली, पण तोवर शेडमध्ये सगळ्यांनी वाचली होती. मग त्या पानावर कोणी काही विचारलं नाही.

तिची नोकरी टिकली. बिघडलेले प्रिंटर सांभाळायचं काम मिळालं. दिवाळीआधी शेडला कुलूप लागलं. त्या संध्याकाळी तिनं ताईंना फोन लावला. आधीचे कितीतरी त्यांनी उचललेच नव्हते.

“खोली भेटली इथं परतवाड्याले,” ताई म्हणाल्या. “सासूले घेऊन आली.”

“मी येऊ का भेटायला?”

“आत्ता नको,” म्हणत ताईंनी फोन ठेवला.