आठ दिवसांची कळशी

भांडं हातात आलं की तो आधी बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि कानाशी धरायचा. "बोलतंय की!" म्हणायचा, आणि मगच पितळेच्या ढिगात ठेवायचा.

तुमच्याही गल्लीत असा हातगाडा ढकलणारा भंगारवाला येत असेल. पण तो तुमच्या बायकोला अक्का आणि तुम्हाला दाजी म्हणत नसेल. आमचा म्हणायचा. माझी बायको लग्न होऊन आजऱ्याहून कोल्हापुरात आलेली, तो तिकडच्याच एका वाडीचा. एवढ्यावर त्यानं बहीण केली. मला कुणी विचारलं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. पस्तीस वर्षं फाउंड्रीत मोल्डिंग केलं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड कुठलं, पोलाद कुठलं, लांबून सांगतो. तरी घरात काही मोडलं की ती म्हणायची, "थांबा, दादाला ईऊ द्या. त्येला दावू." त्याला पायरीवर चहा. आजऱ्याच्या घनसाळ भाताच्या गप्पा. मी आलो की दोघं गप्प. माझ्या वाट्याला "भाजी वाढू का?" एवढंच.

खरं सांगतो, जळायचो मी. म्हातारपणी शोभत नाही, पण जळायचो.

एकदा म्हणालो, "एवढं काय बोलतीस त्याच्यासंगं?"

"त्यो आईकतोय," म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

ती गेली त्याला वर्ष व्हायचंय. पोरगा म्हणाला, मागची खोली रिकामी करा, भाडेकरू ठेवू, तुम्हाला सोबत होईल. दुसरा भंगारवाला बघून ठेवला होता मी. पण तिला आवडलं नसतं, म्हणून ह्यालाच बोलावलं.

सकाळपासून दोघं अंगणात निवडत बसलो. लोखंड एकीकडं, जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची पातेली एकीकडं, तांबं-पितळ त्याच्या मांडीजवळ. जुन्या मोटारीची वायर सोलून तो तांबं काढत होता. मी बिडाची शेगडी लोखंडात टाकली.

"दाजी, बीड येगळं! पस्तीस वर्सं काय केलासा?"

डोळ्यांत पाणी होतं म्हणून चुकलो. पण ते त्याला कशाला सांगू?

मग माळ्यावरची पितळी कळशी निघाली. तिच्या माहेरची. गळ्यावर तिचं माहेरचंच नाव घातलेलं. ते नाव बघून डोकं फिरलं माझं, ढिगात फेकली. त्यानं उचलली. वाजवली नाही. मांडीवर घेऊन बसला.

"का रं, हिला वाजवत न्हाईस?"

"हिचा आवाज ठावं हाय. चारदा माझ्या गाड्यावर चढलीया ही."

"इकलीती तिनं?"

"तुमचं भांडाण झालं की घिऊन यायची. म्हणायची, दादा, ही मोडीत घाल आन् आजऱ्याच्या यष्टीपुरतं दे. परत येणार न्हाय मी. मी म्हणायचो, अक्का, नाव घातलेलं भांडं मी लगीच मोडत न्हाय. आठ दिस ठेवतो, पैसं आठव्या दिशी. मन फिरलं तर घिऊन जा."

"मग?"

"आठवा दिस कधी उजाडलाच न्हाय, दाजी. त्याच्या आधीच यायची."

माझी बायको चारदा घर सोडायला निघाली होती. ते ह्याला ठाऊक, मला नाही. अंगाचा भडका उडाला.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी कवा इचारलासा?"

"नीघ हितनं! आन् दाजी म्हणू नगंस मला."

त्यानं सगळा माल पोत्यांत भरला, गाड्यावर चढवला. कळशी तेवढी पायरीवर ठेवली, चहाचा कप ठेवायचा तिथं.

"आता तुमी ठेवा आठ दिस," म्हणाला आणि गाडा ढकलत गेला.

आठ दिवस कसले, तीन महिने झाले. तो फिरकला नाही. आता टेम्पो येतो, भोंग्यावर भंगार-रद्दीची रेकॉर्ड लावलेला. ड्रायव्हर खालीसुद्धा उतरत नाही. तरी भोंगा ऐकला की मी कळशी घेऊन दारात जातो. टेम्पोच्या पाठीमागनं त्याचा गाडा येतोय का बघतो. मोडायची नाही मला. एकच विचारायचं राहिलंय. परत न्यायला यायची तेव्हा ती काय म्हणायची? माझं नाव तरी निघायचं का?

टेम्पो गेला की पायरीवर बसतो. पेरानं टकटक करतो, कानाशी धरतो.

त्याच्याशी बोलायची. माझ्या हातात नुसती वाजते.