विहिरीने लपवलेली तीन जपानी नावे

मित्रवर्यहो, आज पालीच्या मळ्यात आमच्या परीक्षकपदाचे विधिवत विसर्जन झाले.

बालमित्र दिनकर पाच वर्षांनी जपानहून आला. तिथल्या एकाच कंपनीच्या तीन प्रकारच्या बिअर त्याने स्वेटरांत गुंडाळून आणल्या. "सर्वोत्तम कोणती ते सांगा, पुढच्या वेळी तीच आणतो," म्हणाला.

शीतकरणार्थ आम्ही बाटल्या विहिरीत सोडल्या. वर काढल्या तेव्हा तिन्हींची लेबले जलसमाधिस्थ झाली होती. पहिली कडवट, दुसरी सौम्य, तिसरी मध्यममार्गी, असे आम्ही साक्षेपाने सिद्ध केले. नावे मात्र विहिरीलाच ठाऊक.

दिनकरचा चेहरा उतरला. तेव्हा मेंढपाळ मित्र बापू म्हणाला, "दिन्या, तिन्ही लई भारी हायेत. पर बाटलीचं कावून इचारतो बे? तू लवकर ये, म्हंजे झालं."

निकाल एकमताने मंजूर झाला. बापूचे आम्ही आजन्म ऋणी आहोत. तुमच्या मित्रमंडळात असा न्यायाधीश आहे काय?