मांडलिकाचा अंगठा

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात मी सहा हिवाळे सातवाहनांच्या नाण्यांवर घालवले. दोन हजार वर्षांपूर्वी सगळं दख्खन मुठीत ठेवणारं घराणं. एकेका नाण्याचा फोटो काढायचा, झिजलेली अक्षरं लावायची, नोंद करायची. ही सूची माझ्या नावावर छापून आली असती, तर इथे कुठेतरी नोकरी मिळाली असती. नाहीतर व्हिसा संपला की परतीचं विमान.

माझे गाइड मराठीच. विद्यापीठात सर, घरी काका. दर रविवारी काकू गरम थालीपीठ वाढायच्या आणि जेवण झालं की काका माझी आठवड्याची टिपणं मागून घ्यायचे. सूचीवर माझं नाव येईल ना, असं एकदा चाचरत विचारलं, तर म्हणाले, "अगं, घरचंच काम आहे हे." लॅबमधली अमेरिकन मैत्रीण सांगत होती, ईमेल करून लेखी घे. पण ज्यांच्या घरी जेवतो त्यांच्याकडे लेखी काय मागायचं? मला लाज वाटली. शुद्ध मूर्खपणा, दुसरं काय.

या वसंतात इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये काकांच्या पुस्तकाचं प्रकाशन झालं. पुष्पगुच्छ द्यायला काकूंनी मलाच पुढे केलं. माझी पाळी येईपर्यंत मी पुस्तक चाळलं. शेवटची नव्वद पानं म्हणजे माझी सूची, जशीच्या तशी. नाव काकांचं. आभारात नुसतं 'माझे विद्यार्थी'. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी त्या दिवशी शाल पांघरून बसलेला पाहिला. एका फोटोत नाण्याच्या कडेला माझा अंगठा तेवढा राहून गेला होता.

काका माइकवर साम्राज्य कसं बुडालं ते सांगत होते. परके शत्रू होतेच, पण घात केला मांडलिकांनी. राजाच्या नावाची नाणी मुकाट्याने चालवायची सोडून ते स्वतःच्या नावाची पाडायला लागले, आणि तिथे सगळं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात गुच्छ होता म्हणून मला वाजवता आल्या नाहीत.

मी गुच्छ दिला. सवयीने वाकून पायाही पडले. काकांनी डोक्यावर हात ठेवला.

"रविवारी ये गं. शिलालेखांचं नवीन काम काढलंय."

संतापाने माझे कान तापले होते. तरी तोंडातून "हो काका" असंच आलं. व्हिसा संपायला तेव्हा पाच रविवार उरले होते. पाचही रविवारी मी गेले.