पहिला चेंडू सोडणारा डॉम्निक

डॉम्निक गेल्याचं मला दुबईत, रास अल खोरच्या गोदामात कळलं. कांद्याचा कंटेनर रिकामा होत होता आणि वसईहून त्याच्या बायकोचा, फिलोमिनाचा फोन आला. तो सुट्टीवर गेला होता; सकाळी चहा घेता घेता खुर्चीतच... मला मातीला जाता आलं नाही. संध्याकाळी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या खोलीवर आलो, तर दाराआड त्याची बेसबॉलची बॅट उभी. मग मात्र रडू आवरेना.

तो काम करायचा त्या हॉटेलातल्या फिलिपिनो सहकाऱ्यांनी त्याला सुट्टीच्या दिवशीच्या टीममध्ये ओढलं होतं. बेसबॉलमध्ये आटोक्यातला चेंडू सोडला की तीनपैकी एक संधी जाते, त्याला स्ट्राइक म्हणतात. पण हा वसईच्या मैदानावर ओपनिंगला जाणारा माणूस. पहिला चेंडू सोडायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं. क्रिकेटमध्ये त्याने काही बिघडत नाही, इथे बिघडतं. पहिला स्ट्राइक मिळाला की चेंडू टाकणारा पिचर शेर होतो, बाहेरचे फसवे चेंडू टाकून बॅटरला झुलवतो. उलट पिचरचा पहिला चेंडू बाहेर जाऊन वाया गेला, तर त्यालाच सरळ टाकणं भाग पडतं. डॉम्निकची खोड सगळ्यांना ठाऊक झाल्यावर त्याला पहिला चेंडू मुद्दाम बरोबर मधोमध यायचा, आणि हा बॅट खांद्यावर ठेवून त्याच्याकडे नुसता बघत राहायचा.

"ब्रदर, व्हाय यू गिव्ह हिम वन फ्री?" कप्तान रोमेल कपाळाला हात लावायचा.

"ओळख तर होऊ दे," हा बाकावर बसलेल्या माझ्याकडे बघून मराठीत म्हणायचा. आणि बहुतेकदा बाद होऊन यायचा. भारी हट्टी. मला रागही यायचा त्याचा.

मी नवा होतो तेव्हा मॅनेजरने सगळ्यांसमोर झापलं, म्हणून बॅग भरली होती. डॉम्निक सरळ त्या बॅगेवर बसला. "पहिला बॉल गेला रे सुधीर, जाऊ दे. अजून दोन आहेत. चल, जेवून घे." मी राहिलो. पुढे लग्न मोडलं, व्हिसा अडकला, दर वेळी तेच वाक्य. यंदा करार संपतोय. परत जावंसं पुन्हा वाटतंय आणि बॅगेवर बसायला कोणी नाही.

गेल्या आठवड्यात रोमेलचा फोन आला, डॉम्निकच्या आठवणीत मॅच ठेवली होती. "यू बॅट फॉर हिम, हबीबी." मी कधी बॅट धरली नव्हती, तरी दाराआडची घेऊन गेलो. पिचरने पहिला चेंडू हळू, अगदी मधोमध टाकला. मी तो सोडला. अंपायर हलकेच "स्ट्राइक" म्हणाला. कुणी हसलं नाही. आमची टीम कडेला उभी राहिलेली, बाक रिकामा होता...

"अजून दोन आहेत," मीच स्वतःला म्हणालो. पण ते त्याने म्हणायचं असतं.