हजाराची खरी नोट

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा मी सोलापुरात बँकेत कारकून होतो. बदलून घ्यायची मुदत संपल्यावर वैरागहून माझी आत्या बँकेत आली. बैलजोडी विकून मिळालेली हजाराची एकुलती एक नोट तिने खिडकीच्या उजेडात धरली.

“ह्यो बग आतला सिंह. तार बी हाय. मग खोटी कशी?”

खोटी नोट ओळखायला मीच तिला शिकवलं होतं.

“खरीच आहे आत्या. पण आता चालत नाही.”

“खरी हाय, अन् चालत न्हाय?”

मी साहेबांना विनवलं, पण मुदत संपली म्हणून त्यांनी नकार दिला. आत्या नोट तिथंच टाकून स्टँडकडे निघाली.