मागच्या खोलीतलं घोरणं

आधीच सांगते, मी अशा गोष्टी मानणाऱ्यातली नाही. आमच्या घरी लिंबू आणतात ते सरबतासाठी. अमावस्या कधी येते नि कधी जाते, माझ्या लक्षातही राहत नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी वर्षभर नुसते वाचत आले आणि बहुतेक वेळा मनात म्हटलं — झोपेत भास झाला असेल. माझ्याबद्दल कोणाला तसंच वाटलं तर राग नाही. फक्त एवढंच की, यात झोपलेली मी नव्हते. मी जागी होते, आणि वेळ दिवसाची होती.

आम्ही नागपूरला वाडीत राहतो, अमरावती रोडपासून थोडं आत, गोडाऊनांच्या मागे. घर लांबट आहे. समोरच्या खोलीत माझी शिलाई मशीन — मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मधल्या खोलीत हे झोपतात. मागची खोली मुलीची होती, ती लग्न होऊन हैदराबादला गेल्यापासून रिकामीच आहे. तिच्या बाजूला स्वयंपाकघर. सगळ्या खोल्यांची दारं घरातल्या एकाच बोळीत उघडतात.

हे म्हणजे माझे मिस्टर. एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये रात्रपाळीचे सुपरवायझर आहेत. सकाळी साडेसातला येतात, आंघोळ, नाश्ता, आणि नऊच्या सुमारास झोपतात ते तीन-साडेतीनपर्यंत. मधल्या खोलीचं दार लोटलेलं, कूलर सुरू. आणि घोरणं... ते तर गल्लीपर्यंत ऐकू जायचं. गिऱ्हाइकं हसायची. मला त्याचं काही नव्हतं, कारण मी घोरण्याकडे लक्षच देत नव्हते. मी लक्ष द्यायची ते घोरणं थांबण्याकडे.

ते मधेच थांबायचं. श्वासच थांबायचा. माझा पाय पायडलवर आपोआप थांबे. मी मोजायची. दहा, बारा, पंधरा... वीसच्या आत सुरू झालं नाही तर उठून आत जायची, यांच्या उजव्या खांद्याला हात लावून हलवायची आणि म्हणायची, “कूस बदला.” मग एक मोठा आचका आणि पुन्हा घोरणं. सव्वीस वर्षं मी हे केलं. हा आजार असतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. घोरणारा माणूस, एवढंच.

दीड वर्षापूर्वी सकाळी ड्युटीवरून येताना यांना स्कूटरवर झोप लागली. डिव्हायडरला धडकले. उजवं मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. ट्रक मागे होता, त्याने ब्रेक मारला म्हणून हे आज आहेत. मला फोन आला तेव्हा मी एका ब्लाउजला हुक लावत होते. पाचही हुक लावून मग उठले. का, ते सांगता येणार नाही. तेव्हापासून मला आतून काही फारसं वाटेनासं झालं. रडूही आलं नाही.

डॉक्टरांनी झोपेची टेस्ट सांगितली. रिपोर्ट आला — स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं, बराच जास्त. हवेच्या दाबाने श्वास चालू ठेवणारी सीपॅप मशीन लावायची, रोज, झोपताना. मालकानेही सांगून टाकलं, इलाज झाल्याशिवाय रात्रपाळी नाही.

मशीन तशी लहान, पण सवय व्हायला महिना-दीड महिना गेला. नाका-तोंडावर मास्क, डोक्यामागून पट्टे, पुढे सोंडेसारखी नळी. यांचा जीव घाबरा व्हायचा. पोटात हवा जायची, ढेकर येत राहायचे. झोपेत ओढून फेकून द्यायचे. गालांवर पट्ट्यांचे वळ. मिशीमुळे मास्कच्या कडेने हवा सुटायची, शिट्टीसारखा आवाज यायचा. मशीनवाल्या मॅडम घरी येऊन दाखवून गेल्या, म्हणाल्या की नुसता नाकाचा मास्क लावून पाहा आणि जमलं तर मिशी काढा. लग्नाच्या आधीपासूनची मिशी होती. यांनी एक दिवस काढून टाकली. मनगटामुळे मागचा पट्टा यांना लावता येत नसे, तो मी लावून द्यायची.

मग एके दिवशी, ड्युटी नसली तरी सवयीने सकाळी नऊला झोपलेले हे साडेतीनला उठले तेव्हा मास्क तसाच नाकावर होता. चेहरा ताजा. म्हणाले, किती वर्षांनी झोपलो वं. पुढच्या महिन्यात ड्युटीवर परत घेतलं.

घर मात्र गप्प झालं. कूलरचा आवाज तेवढा. मी शिवताना मोजायला काही उरलं नाही. टाके वाकडे जाऊ लागले.

असे दहा-बारा दिवस गेले असतील. सकाळचे अकरा वाजले होते. मला घोरणं ऐकू आलं. वाटलं, मास्क निघाला. उठून मधल्या खोलीचं दार ढकललं. हे शांत झोपलेले. मास्क जागेवर, छाती एका लयीत वर-खाली. आणि घोरणं सुरूच. मागच्या खोलीतून.

मी गेले. पलंगावर गुंडाळलेली गादी, खाली मुलीच्या पुस्तकांचा खोका. कोणी नाही. आवाज पलंगाच्या उशाकडून येत होता. यांचाच — सव्वीस वर्षं ऐकलेला, चुकण्याची सोयच नाही. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं घर नाही, मोकळा प्लॉट आहे. खिडकी बंद होती. मी दारात उभी राहिले. भीती वाटली पाहिजे, असं मनात आलं. वाटली नाही.

मग घोरणं थांबलं.

मी मोजू लागले. वीस झाले. पंचवीस झाले. माझा हात पुढे गेला. उजवा खांदा जिथे असता तिथे, हवेतच हात ठेवला आणि म्हटलं, “कूस बदला.” हाताला काही लागलं नाही. पण आचका आला आणि घोरणं सुरू झालं. मी जाऊन अर्धवट ब्लाउज पूर्ण केला. त्या दिवशी टाके सरळ आले.

त्यानंतर हे रोजचंच झालं. दिवसातून चार-पाच वेळा मी मागच्या खोलीत जाऊन यायची. कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं होतं की हे माझ्याच डोक्यात आहे, पण गल्लीतली ज्योती मापाचा ब्लाउज द्यायला आली तेव्हा बोळीकडे पाहत सहज म्हणाली, “काकू, काका मांगच्या खोलीत झोपून राहिले का आता?” मी हो म्हटलं.

आणि साधारण आठवड्याने हे चहा पिताना जरा चिडून म्हणाले, “मशीन आहे ना आता? मंग तू मले अजून हलवून काहून राहिली वं? झोपमोड होते.”

मी यांच्या खोलीत पायही ठेवला नव्हता. मी म्हटलं, “सवय आहे, जाईल.”

मार्चमध्ये ज्योती आणि मी वर्षाच्या मिरच्या आणायला कळमन्याच्या बाजारात गेलो. दरवर्षी जातो. यांना पट्टा लावून दिला, दार लोटलं आणि निघाले. ऑटोत बसेपर्यंत मागच्या खोलीचा विचारही आला नाही. आला तेव्हा म्हटलं — रिकाम्या खोलीसाठी परत जायचं का? गेले नाही. देठं पाहून मिरच्या घेतल्या, ज्योतीला दुसरीकडे भाव विचारायचा होता, ऊन फार होतं.

पावणेतीनला घरी आले. पोतं बोळीतून ओढत स्वयंपाकघराकडे नेताना मागच्या खोलीचं दार उघडं दिसलं. हे पलंगाच्या काठावर बसले होते. बनियन घामाने ओलं, दोन्ही हात मांडीवर. मास्क नाही. गादी तशीच गुंडाळलेली.

मी विचारलं, “इथं काहून बसले? झोप नाही झाली का?”

यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, “कुठी गेली होती वं? मी वाट पाहून राहिलो होतो.”

“कळमन्याले. सांगून गेली होती ना.”

“श्वास अटकला. तू आली नाही.”

मी विचारलं, मग?

“मंग काही नाही,” हे म्हणाले.

मी पाणी आणायला वळले. माठातून ग्लास भरला आणि परत आले. एक मिनिटही गेलं नसेल. पलंग रिकामा. मी मधल्या खोलीचं दार ढकललं. हे पलंगावर आडवे, मास्क लावलेला, मागचा पट्टा मी सकाळी ओढला होता तसाच. गाढ झोप. बनियन कोरडं. मी ग्लास हातात धरून उभी राहिले, मग पाणी मीच पिऊन टाकलं.

हे तीन चाळीसला उठले. मी विचारलं की मधे उठले होते का. नाही म्हणाले, आज तर कोणी हलवलंही नाही, एकदम मस्त झोप लागली.

पुढच्या महिन्यात मशीनवाल्या मॅडमनी मशीनचं कार्ड लॅपटॉपला लावलं. मी त्या दिवसाचं दाखवायला सांगितलं. नऊ वाजून दहाला मास्क लावला, तीन चाळीसला काढला, मधे एक क्षणही निघालेला नाही. श्वास सगळा एकसारखा. मी विचारलं, मशीनचं घड्याळ चुकीचं असू शकतं का? त्या म्हणाल्या, “घड्याळ मागेपुढे असू शकतं काकू. पण मास्क निघाला असता तर इथे दिसलंच असतं.” मग त्यांनी कौतुक केलं, इतका छान रिझल्ट फार कमी पेशंटचा असतो म्हणाल्या.

मिरच्या आणल्या त्या दिवसापासून मागच्या खोलीत आवाज नाही. मी अकराला जाऊन बसून पाहिलं, गादी अंथरून पाहिली, एकदा हवेत हात ठेवून “कूस बदला” म्हणूनही पाहिलं. काही नाही. डॉक्टरांना विचारण्यासारखं हे नाही, आणि ज्योतीला विचारलं तर ती म्हणेल तुम्हीच तर म्हणाल्या होत्या काका तिथं झोपतात म्हणून. यांना मी अजून सांगितलेलं नाही. तब्येत उत्तम आहे, बीपीची गोळी अर्धी झाली, सकाळी गाणं गुणगुणत येतात.

मला याचा अर्थ लावता आलेला नाही. इथे कोणाला असं काही माहीत असेल तर सांगा, नसेल तरी चालेल. भीती मला आजही वाटत नाही. घरातलं कोणी गेलं की पहिले काही दिवस कसं होतं, तसं मात्र होतं... भांडी घासताना, दोरा ओवताना. आणि जो गेल्यासारखा वाटतो, तो समोर बसून बशीत चहा ओतत असतो, मला विचारतो की तुले काय झालं वं, आणि मी म्हणते, काही नाही.